काट्यावरचा दादा

"सख्ख्या भावाच्या तोंडचा घास काढलास. कसला रे तू थोरला?" गोदाक्का उंबऱ्यातूनच बोलल्या.

मुकुंद चपला न काढता ओट्यावर टेकला. शर्यत संपली की प्रत्येक जॉकीला खोगिरासकट वजनकाट्यावर उभं करायचं, हे त्याचं रेसकोर्सवरचं काम. आज धाकटा जयवंत पहिला आला, पण काट्यावर ठरलेल्या वजनापेक्षा किलोभर कमी भरला. मुकुंदानं तसं पंचांना कळवलं आणि जिंकलेला घोडा बाद झाला.

"थकलो आई. उद्या राजीनामा देतो."

तेवढ्यात जयवंतानं बाहेर येऊन खिशातली शिशाची पट्टी पुढं ठेवली. "वजन भरायला खोगिरात घालतात ती. शर्यतीआधीचं वजन झाल्यावर मीच काढली. म्हटलं, काट्यावर दादाच आहे, सांभाळून घेईल."

गोदाक्कांनी पट्टी उचलली. दादा सांभाळून घेईल, हे त्याला लहानपणापासून त्यांनीच शिकवलं होतं.

"मुकुंदा," त्या म्हणाल्या, "राजीनामा-बिजीनामा काही द्यायचा नाही. उद्या त्याच काट्यावर जाऊन बस. याच्या चुका मी जन्मभर झाकत आले. कुणीतरी खरं मोजायलाच हवं होतं."