समोरची भिंत

लेवार्डन शहरातल्या आमच्या गल्लीत संध्याकाळी पडदे कोणी ओढत नाही. त्यामुळे समोरच्या घरातल्या डाउत्सेनच्या बैठकीची भिंत मला रोज दिसे. भिंतीवर जुन्या खिडकीची चौकट, तिला कुठला तरी उरलेला हिरवा रंग आणि काचांच्या जागी आरसा. सगळं जुन्या बाजारातलं, तरी देखणं.

माझी नीन्के शाळेतून आधी तिच्याकडेच जायची. "आई, तिथे छान वाटतं गं."

मग मीही तशीच चौकट आणली. तोच हिरवा रंग मिळवला. सोफ्यासमोरच्या भिंतीवर आरसा अगदी सरळ टांगला.

डाउत्सेन बघायला आली. "अगं, हुबेहूब! आता नीन्के तेवढी राहू दे हं माझ्याकडे," म्हणाली आणि हसत घरी गेली.

नीन्के सोफ्यावर मला बिलगून बसली. "आपलाच जास्त छान आहे." जिंकल्यासारखं वाटलं मला.

मी आरशात पाहिलं. सोफ्यावर मी एकटीच होते.

तिचा उबदार हात मी दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि खिडकीतून समोर पाहिलं. डाउत्सेन एकटीच बसली होती. तिच्या आरशात मात्र ती नीन्केची वेणी घालत होती.

माझ्या शेजारी नीन्केची मान मागे ओढली गेली.

"हळू ना, आई," ती समोरच्या खिडकीकडे बघत म्हणाली. "केस दुखतायत."