खुर्चीचं तापमान

बुलढाण्याच्या आमच्या कॉलेजात विद्यार्थ्यांचा समुपदेशन कक्ष माझ्याकडे आहे. मी भौतिकशास्त्र शिकवते आणि कमी बोलते. प्राचार्यांना तेवढी पात्रता पुरली.

जुलैत दुसऱ्या वर्षाची महामाया दारात आली होती. "मॅडम, मले थोडं बोलायचं होतं." मी नियमाप्रमाणे तिला कोरा अर्ज दिला आणि वडिलांची सही आणायला सांगितली. ती पुन्हा आली नाही. वर्गातही नाही.

तेव्हापासून सकाळी कुलूप काढलं की विद्यार्थ्यांची खुर्ची कोमट लागते.

"चावी माझ्यापाशी राह्यते, कोन बसन?" शिपाई कचरूभाऊ हसले. "तुमच्या खोलीत तं दिवसाही कोणी येत नाही!"

मी प्रयोगशाळेतला तापमापक गादीवर ठेवला. खोली चोवीस अंश, खुर्ची सदतीस. रोज सदतीस.

आज तपासणी समिती येणार होती. "एकही प्रकरण दिसायला नको," प्राचार्य म्हणाले. मी वर्षाच्या अहवालात 'निरंक' लिहून सही केली.

खुर्चीवरच्या तापमापकाचा पारा उतरू लागला. छत्तीस. चौतीस.

मी महामायाच्या घरी फोन लावला. वडिलांनी उचलला.

"तिला उठवा. आत्ता."

"काऊन मॅडम? किती दिवसानं शांत झोपलं लेकरू."

"हात लावून बघा, देवानंदभाऊ."

त्यांनी फोन चालूच बाजूला ठेवला. आतून हाका ऐकू आल्या. एक, दोन, मग सारख्या.

पारा पंचविसावर होता.