सनईचे पारखी

मलकापुरातल्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओत जयमाला सहा महिने लॅपटॉपवरच्या वेव्हटेबल सिंथमध्ये, म्हणजे कृत्रिम आवाज बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, सनईचा आवाज घडवायला शिकत होती. ध्वनिलहर बदलायची, फिल्टर फिरवायची आणि मालक पंजाबरावांना ऐकवायची. ते दर वेळी नाक मुरडायचे, "हे सनई नाही व पोरी, प्लास्टिकची पिपाणी हाय!"

आजही त्यांनी नाक मुरडलं तर शिकणंच सोडायचं, असं ठरवून ती आली. सोबत सुलतानपूरचे भगवानमामा होते. ते कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले.

तिनं नवा आवाज लावला. पंजाबरावांनी अर्ध्यातच हात वर केला.

"बंद कर. यात ना दम हाय, ना जीव. मशीनले माणसाची फुंक कुठून येईन? तुह्यानं हे होत नाही."

जयमालानं मामांकडे पाहिलं.



मामा उठले. त्यांनी पंजाबरावांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि भाचीला विचारलं, "काल म्या वाजोलेली अन् तू रेकॉर्ड केलेली सनई हाय हे. अन् तू सहा महिने या माणसाले इचारून शिकून राह्यली काय व?"