तालमीतली खूण

एका कादंबरीवरच्या नव्या नभोनाट्यात नायकाला यंत्राने दिलेला आवाज मनोहर पाटकरांचा होता, आणि पाटकरांना जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. नायिकेसाठी आपला तरुणपणीचा आवाज यंत्राला द्यायच्या संमतीपत्रावर सही करायला, एकेकाळी रेडिओवर त्यांच्याबरोबर काम केलेल्या वत्सलाबाई स्टुडिओत आल्या होत्या.

“हा आवाज कशावरून बनवलात?”

“फक्त जुन्या प्रसारणांवरून, ताई,” निर्माती केतकी म्हणाली.

तेवढ्यात, स्पीकरवर चाललेल्या नमुन्यात, वाक्याआधी नायकाने जिभेने हलकेच टक् केलं. वत्सलाबाईंनी पेन खाली ठेवलं. पान उलटा, अशी ती पाटकरांची तालमीतली खूण होती. प्रसारणात ते नुसता हात हलवत, कारण तेव्हा माइक चालू असे.

“तालमीत माइक बंद असतो, असं सांगायचे आम्हाला.”

केतकीने नमुना थांबवला. “सगळंच साठवलेलं होतं.”

“तालीम संपल्यावर त्यांनी मला जे विचारलं, तेही?”

“हो. तुमचं उत्तर तेवढं सापडत नाही. तुमचा आवाज मिळाला की यंत्र तेही भरून काढेल.”

“सापडणार कसं? मी दिलंच नव्हतं,” वत्सलाबाई म्हणाल्या, आणि सही न केलेल्या संमतीपत्राची घडी घालून त्यांनी ते पर्समध्ये ठेवलं.