चौदा नंबरचा लाल ठिपका

पडद्यावर त्र्याऐंशी ठिपके हिरवे होते आणि एक लाल.

"पुन्हा चौदा नंबर," काका म्हणाले आणि चष्मा पुसायला घेतला.

नकाशे छापणाऱ्या त्या कंपनीत चौऱ्याऐंशी संगणक होते. कुणाचं अँटिव्हायरस ताजं आहे आणि कुणाचं शिळं झालंय, हे नेटवर्क प्रमुख म्हणून काकांना आपल्या खोलीतल्या मुख्य संगणकावर दिसे. त्या संगणकाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा नियम होता. आठवडाभर अपडेट मिळालं नाही की ठिपका लाल. आपल्या अठरा वर्षांच्या नोकरीत वार्षिक तपासणीवाल्यांना बोट ठेवायला जागा सापडली नाही, हे काका नव्या माणसाला त्याचं नाव विचारायच्या आधी सांगत.

यंदाची तपासणी उद्यावर आली होती आणि चौदा नंबर पाच महिने दर सोमवारी लाल होत होता.

चौदा नंबरवर काकांची मुलगी बसे. ती नकाशातल्या नद्या काढायची. काका दुसऱ्या मजल्यावर गेले.

"अपडेट बंद का केलंस?"

"मी हातसुद्धा लावला नाही, बाबा."

"ऑफिसात सर."

"मी हातसुद्धा लावला नाही, सर."

शेजारी डोंगर काढणारा मान खाली घालून हसला. एवढ्या सोमवारांत त्याला हे संभाषण तोंडपाठ झालं होतं.

लाल ठिपका दिसला की अँटिव्हायरस कंपनीच्या अभियंत्याने स्वतः येऊन बघायचं, असं करारात कलम होतं. करार काकांनीच केला होता. अभियंता पहिल्यांदा आला तेव्हा काकांनी त्याला तासभर समोर बसवून उलटतपासणी घेतली होती. घरी कोण कोण, स्वयंपाक येतो का, राग आला तर काय करतो. त्याने एकदाही घड्याळ बघितलं नव्हतं.

आता मात्र तो सोमवारी न बोलावताच यायचा. वीस मिनिटांचं काम, पण दोन तास लागत. मुलगीही सोमवारी जरा लवकरच येई आणि नद्यांना उगाच जास्त वळणं देई.

हे सगळ्यांना दिसत होतं. काकांना सोडून, असं सगळे म्हणत.

घरी वेगळाच घोर होता. काकांनी आणलेली अकरा स्थळं मुलीने नाकारली होती. मुलगा कसा आहे, हे ती विचारतच नसे. "सुचवलं कुणी?" एवढंच विचारायची. "तुम्ही फक्त 'मुलगा चांगला आहे' म्हणू नका," तिची आई काकांना सांगे, "निम्मं काम तिथंच होईल."

दुपारी व्यवस्थापक मॅडमनी तिघांना बोलावलं.

"वर्षभराची नोंद तपासतात, काका. वीस वेळा लाल! अपडेट कोण बंद करतं, ते आत्ता कळलं पाहिजे. नाहीतर हिची बदली गोदामात, आणि यांचा करार रद्द."

काकांनी कपाळाला आठ्या घातल्या. "नियम म्हणजे नियम. मुलगी असली तरी."

अभियंता उठून उभा राहिला. "मी करत होतो. यायला निमित्त हवं म्हणून."

"काहीतरीच! मीच करत होते," मुलगी म्हणाली. "तो खोटं बोलतोय."

"ती बोलतेय."

"तू गप्प बस हं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "दोघांपैकी खरं कोण बोलतंय?"

"ते लग्नानंतर घरी ठरवू," मुलगी म्हणाली, आणि मग आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं.

अभियंत्याचे कान लालबुंद झाले. मॅडमना हसू आवरेना.

"माझा ठाम विरोध आहे," काका म्हणाले. "हा मुलगा मला अजिबात पसंत नाही. वीस मिनिटांच्या कामाला दोन तास लावतो."

"पसंत नाही?" मुलीने खुर्ची मागे सारली. "मग ठरलंच, बाबा!"

या वेळी काका 'ऑफिसात सर' म्हणाले नाहीत.

मॅडमनी नोंदीत 'तांत्रिक कारण, दोष नेटवर्क प्रमुखांचा' असं लिहिलं आणि काकांपुढे सहीला ठेवलं. अठरा वर्षांतला पहिला डाग. काकांनी न वाचता सही केली. बाहेर कुणीतरी टाळ्या वाजवल्या, बहुधा डोंगरवालाच.

काका तसेच आठ्या घालून खोलीत आले. दार लावलं. आठ्या उतरवल्या. मग मुख्य संगणकावर 'यांना अपडेट पाठवू नये' ही यादी उघडली, आणि पाच महिन्यांपूर्वी स्वतः घातलेला चौदा नंबर खोडून टाकला.