दोन्ही हात वर

कागद चावायला चिवट होता. तरी अतुलनं तो भाकरीत गुंडाळला, वर मिरचीचा ठेचा थापला आणि दोन घासांत गिळून टाकला. समोर बसलेली त्याची माय, प्रभावतीबाई, पाहत होती. गिळणं भागच होतं. त्या कागदावर अतुलचे स्वतःचे मार्क होते. शंभरपैकी चौतीस.

ही पाळी त्यानं आपल्या हातानंच आणली होती. धामणटेक हे गाव लोहाऱ्याच्या एमआयडीसीला लागून. कारखाने वाढले, तशी बाहेरची माणसं खोल्या शोधत येऊ लागली. कामावरच्या जेवणाच्या सुटीत अतुल मोबाइलवर पाहायचा, की मोठमोठे देश परक्या माणसाला मार्क देऊन मगच आत घेतात. शिक्षणाचे इतके, वयाचे इतके, हुन्नराचे इतके. कमी पडले की दारातूनच माघारी. ग्रामसभेत तो उभा राहिला आणि म्हणाला, आपलं गाव काय धर्मशाळा आहे? साठच्या खालचा एकही माणूस इथं राहायला नको. गावाला हे इतकं पटलं, की लोकांनी दोन-दोन हात वर केले. मतदार सातशे, हात भरले तेराशे नव्याण्णव. एक कमी पडला तो खेमसिंगचा. तो प्लास्टरात होता.

मार्कांचा तक्ता लखीराम गुरुजींनी केला. निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली होती आणि मार्क द्यायला हात नुसता शिवशिवत होता. पहिल्याच आठवड्यात एक पेंटर बायको-लेकरांसकट बावन्न मार्कांवर परत गेला. त्याला वेशीपर्यंत पोचवायला अतुल जातीनं गेला.

मग गुरुजींच्या ध्यानात आलं, की अतुलचं लग्न आठ दिवसांवर आलंय आणि नवरी आहे पुसदची. म्हणजे बाहेरची. आणि राहायलाच येणार.

अतुल पस्तिशीचा. अकरा पोरींनी नाही म्हटलं, तेव्हा कुठं बारावी, वैष्णवी, हो म्हणाली होती. पत्रिका वाटून झाल्या होत्या. ती नापास झाली तर तेरावी कुठून आणायची? त्यानं गुरुजींचे पाय धरले. दोन-चार मार्क वरून घाला म्हणाला.

"वशिला चालनार नाही, असं भर सभेत तूच म्हनला होता ना बे?" गुरुजींनी पाय मागे घेतले.

म्हणून परीक्षेच्या दिवशी सकाळीच तो तक्ता घेऊन वैष्णवीची बेरीज करायला बसला. हिशेबाला हात बसावा म्हणून आधी स्वतःचे मार्क मांडले. आणि मग मायला भाकरी वाढायला सांगितली.

अकरा वाजता ग्रामपंचायतीपुढं सगळं गाव जमलं. वैष्णवी मामासोबत आली, हातात फाइल. गुरुजींनी एकेक कागद उजेडात धरून, उलटून, शिक्का नखानं खरवडून पाहिला. नर्सिंगचं शिक्षण. सरकारी दवाखान्यात सहा वर्षं काम. धामणटेकात तर तापाची गोळी द्यायलाही माणूस नव्हता. इकडे अतुलच्या पोटात कागद फडफडत होता. गुरुजींनी बेरीज केली, पुन्हा केली, तिसऱ्यांदा खालून वर केली.

"एक्याण्णव," ते म्हणाले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. अतुलनं असा श्वास सोडला, की टेबलावरचे सगळे कागद उडाले. वैष्णवीनं ते गोळा केले, फाइलला दोरी बांधली आणि तिथंच उभी राहिली.

"गुरुजी, एक्याण्णव मार्कावर मले यवतमाळही ठेवून घेईन अन् पुणंही. ह्या गावात मी यांच्यासाठी येऊन राह्यली." तिनं अतुलकडे पाहिलं. "मंग यांचे मार्क किती?"

गुरुजी गडबडले. नियम बाहेरच्यांसाठी आहे, म्हणाले. जो इथंच जन्मला त्याला मार्क देत नसतात. पण तपासायचा राहिलेला पेपर समोर असला की मास्तराचा जीव थाऱ्यावर राहत नाही. त्यांनी घसा साफ केला.

"हे सभेपुढं ठेवतो. पोराचेही मार्क काढावे, असं ज्याले वाटते त्यानं हात वर करा."

अतुलनं पाहिलं. पुढं बसलेले पुरुष एकदम आपापल्या चपला न्याहाळू लागले. एकही हात हलला नाही. त्याला जरा धीर आला.

मागं बाया बसल्या होत्या. गावातली लग्न झालेली एकूण एक बाई बाहेरून आलेली. प्रत्येकीला चालून दाखव, सुई ओवून दाखव, केस सोडून दाखव, असं तपासूनच आणलेली.

त्यांच्यात सगळ्यांच्या आधी प्रभावतीबाईंनी पदर खोचला आणि दोन्ही हात वर केले.