फिरती खुर्ची
खुर्चीसाठी राज्यं बुडतात, सख्खे भाऊ वैरी होतात. वॉर्डातल्या सिस्टरकडे मात्र खुर्ची आपणहून चालून आली होती: विमा कंपनीतल्या नोकरीची, गोल फिरणारी. होकार आजच कळवायचा होता. घरी विचारायला कुणी नव्हतं; मैत्रिणींना विचारावं, तर त्याच आधी अर्ज ठोकतील. म्हणून ती कोपऱ्यातल्या आजोबांच्या खाटेजवळ, भेटायला येणाऱ्यांसाठी ठेवलेल्या खुर्चीत बसली. खुर्ची नवीकोरी होती. आजोबांकडे कुणी येतच नसे. “आजोबा, पाय फार भरून येतात हो. तिथे बसून काम. पण दिवसभर नुसते फोन; कुणाच्या कपाळाला हात लावायचा नाही. जाऊ की राहू?” आजोबांनी न्यायाधीशासारखी मान डोलावली. सिस्टर खुर्चीत पुढे सरकली. “चष्म्याशिवाय ओळखलं नाही,” ते म्हणाले, “पण कुणीतरी भेटायला आलं, बरं वाटलं. ऐकू मात्र काहीच आलं नाही. खुर्ची जरा जवळ ओढता का?”